आज चुकीची गोष्ट सांग!

रात्रीचे साडेआठ. कुकर लावलाय, पोळ्या व्हायच्यात, उद्याच्या डब्याची भाजी अजून निवडलेली नाही. तेवढ्यात हॉलमधून मोबाइलवरच्या कार्टूनचा आवाज येतो आणि आपण स्वयंपाकघरातूनच ओरडतो, "ठेव तो मोबाइल आधी! आणि पुस्तक घे जरा हातात!"

कुठल्याही घरात जा, हे वाक्य ऐकू येतंच. त्यामागे राग कमी आणि धास्ती जास्त असते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आपल्या लेकाने सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांच्या चळतीचा फोटो टाकलेला असतो. आपलं मूल इंग्रजी शाळेत. मराठी वाचताना दर जोडाक्षराला अडतं. आपण दिवसभर बाहेर. मग वाटायला लागतं, आपल्याकडून काहीतरी राहून जातंय, आणि ते आज, आत्ता, जेवणाआधीच्या पंधरा मिनिटांत भरून काढायला हवं.

अशा वेळी मला जान्नी रोदारी आठवतात. इटलीतले हे बालसाहित्यिक १९२० साली ओमेन्या नावाच्या तळ्याकाठच्या गावात एका बेकरीवाल्याच्या घरी जन्मले. तरुणपणी प्राथमिक शाळेत शिकवलं, मग पत्रकार झाले आणि मुलांसाठी लिहीत राहिले. १९७० मध्ये त्यांना बालसाहित्यातला जगभर मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. पण मला ते जवळचे वाटतात ते वेगळ्याच कारणासाठी. ते आईबाबांशीही बोलायचे. पालकांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाचं संपादन त्यांनी काही वर्षं केलं, आणि त्याआधी, १९६४ साली, त्यातच एक लेख लिहिला होता : मुलांना वाचनाचा तिटकारा आणण्याचे नऊ मार्ग.

तो लेख वाचताना वाटतं, हे आपल्याच घरातलं चाललंय. टीव्ही बंद करून त्याच्या जागी पुस्तक पुढे करणं. "आमच्या वेळी आम्ही किती वाचायचो" हे ऐकवणं. वाचत नाही म्हणून मुलालाच दोष देणं. मोठ्याने वाचून दाखवायचं टाळणं. घरात निवडायला पुरेशी पुस्तकंच नसणं. आणि सगळ्यांत शेवटी, 'वाच' म्हणून हुकूम सोडणं. टीव्हीच्या जागी मोबाइल घाला. बाकी काही बदलावं लागत नाही.

यातल्या पहिल्या मार्गापाशी मी थांबते. रोदारींचं म्हणणं असं, की मुलाच्या हातातलं आवडतं काढून घेतलं आणि त्या जागी पुस्तक दिलं, तर त्या हिसकावण्याची सगळी नाराजी पुस्तकावर जाते. मुलाच्या बाजूने बघितलं तर हे किती खरं आहे! मोबाइल काढून घेतला तो आईने, पण हातात राहिलं पुस्तक. मग रुसायचं कुणावर? आपण चांगल्या भावनेने जे दिलं, ते त्याच्यापर्यंत शिक्षा होऊन पोचतं.

म्हणून एवढं तरी करून बघूया : मोबाइलचं भांडण मोबाइलपाशीच मिटवायचं. "वेळ संपली, ठेव" इथपर्यंत ठीक. त्याच वाक्यात पुस्तक ओढायचं नाही. पुस्तकाची वेळ वेगळी असू दे, भांडणाचा मागमूस नसलेली.

आणखी एक गोष्ट आपण सगळेच करतो. मूल कसंबसं एक गोष्ट वाचून काढतं, पुस्तक मिटतं, आणि आपण लगेच विचारतो, "मग? काय शिकलास यातून?" कधी अवघड शब्दांचे अर्थ विचारतो, कधी "आता तुझ्या शब्दांत सांग". आपला हेतू चांगलाच असतो. समजलंय का ते बघायचं असतं. पण त्या क्षणी गोष्टीतला हत्ती, नदी, चोर सगळे उठून निघून जातात आणि मागे उरतो तो पेपर. शाळेत दिवसभर दिलेला तोच पेपर, आता घरी, तोही आईसमोर. विचारायचंच असेल तर "तुला कोण आवडलं?" एवढं पुरे. आणि "कुणी नाही" असं उत्तर आलं, तरी ते उत्तरच आहे.

आता वाचून दाखवण्याबद्दल. पहिली-दुसरीत मूल अक्षरं लावायला लागलं की आपण हुश्श करतो. "आता येतं ना तुला, वाच तुझं तू." मुलाला मात्र वेगळंच कळतं. कालपर्यंत गोष्ट म्हणजे आईच्या कुशीतली जागा, बाबांचा राक्षसाचा आवाज, मध्येच गुदगुल्या. वाचायला शिकलं आणि ते सगळं गेलं! इतकं महाग पडणार असेल तर कशाला शिकायचं वाचायला? मला वाटतं, पुष्कळ मुलांची वाचनाची गाडी नेमकी इथेच अडते. म्हणून तिसरी-चौथीतल्या, अगदी पाचवीतल्या मुलालाही वाचून दाखवत राहूया. जोडाक्षरं त्याची वाट बघत थांबतील.

"पण वेळ कुठेय?" खरंच आहे. रोदारींनाही हे ठाऊक असणार, कारण त्यांच्या १९६२ सालच्या एका प्रसिद्ध गोष्टींच्या पुस्तकातला बाप फिरता विक्रेता आहे. सिन्योर बियांकी औषधं विकत आठवड्यातले सहा दिवस इटलीभर हिंडतात. लेकीला गोष्टीशिवाय झोप येत नाही आणि आईच्या पोतडीतल्या गोष्टी तर केव्हाच संपल्यात. म्हणून रोज रात्री नऊला, असतील तिथून, ते घरी फोन लावतात आणि एक गोष्ट सांगतात. फोनचे पैसे स्वतःच्या खिशातून, म्हणून गोष्टी छोट्या. धंदा बरा झाला तर त्या रात्रीची गोष्ट जरा लांबते. आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका बाकीचे फोन अडवून ती गोष्ट ऐकत बसतात.

आपल्याकडे कितीतरी घरांत बाबा चाकणला सेकंड शिफ्टला असतात, कुणी पुण्यात नोकरीला आणि बायकामुलं साताऱ्याला, कुणाची आई नर्स आहे आणि आज तिची नाइट आहे. फोनला आता मिनिटामागे पैसे पडत नाहीत, पण आपण फोनवर काय विचारतो? "जेवलास? होमवर्क झाला? आजीला त्रास नाही ना दिलास?" तीन प्रश्न, तीन 'हो', आणि फोन आजीकडे. त्याच दोन मिनिटांत एक छोटीशी गोष्ट बसते. चांगलीच असायला हवी असंही नाही. मुलाला कळतं, की दिवसभरात माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी रचलं.

"मला गोष्टी येतच नाहीत हो," असं पुष्कळ जण म्हणतात. रोदारींकडे त्यावर एक सुंदर युक्ती आहे : येत असलेली गोष्ट चुकीची सांगा. त्यांच्या एका कथेत पेपर वाचत बसलेले आजोबा नातीला लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट सांगतात, पण टोपीचा रंग चुकवतात, लांडग्याऐवजी जिराफ आणतात, सगळंच उलटसुलट करतात. नात प्रत्येक वाक्याला त्यांना दुरुस्त करते. त्या दुरुस्त करण्यातच तिची सगळी मजा आहे.

पण ही युक्ती केव्हा चालते तेही रोदारी सांगतात. लहान मुलाला तीच गोष्ट, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा हवी असते. आपण कंटाळून दोन पानं गाळली तर पकडतं बरोबर! तो हट्ट नव्हे. दिवसभरात त्याच्या मनासारखं काहीच होत नाही. उठवतात तेव्हा उठायचं, रिक्षावाले काका आले की पळायचं. या एका गोष्टीत तरी पुढे काय होणार हे त्याला पक्कं माहीत असतं. तो आधार आहे, तेव्हा निमूट तीच गोष्ट सांगावी. मग एक दिवस ती गोष्ट त्याला तोंडपाठ होते, आणि तेव्हा मोडतोड सुरू करता येते. चिऊचं घर शेणाचं आणि काऊचं मेणाचं करून बघा. "असं नसतंय!" हा जो आरडाओरडा होतो, तिथे मूल ऐकणारं न राहता सांगणारं झालेलं असतं.

मार्च १९७२ मध्ये रोदारी रेज्जो एमिलिया नावाच्या शहरात गेले आणि तिथल्या शिक्षकांशी काही दिवस गोष्टी रचण्यावर बोलले. त्यातून पुढच्या वर्षी कल्पनाशक्तीवरचं त्यांचं पुस्तक झालं. सगळी मुलं लेखक व्हावीत म्हणून त्यांनी हा खटाटोप केला नाही. मोठेपणी कुणी मुकाट्याने मान हलवणारं होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. त्यातला एक खेळ आमच्या घरी चांगलाच रुजलाय. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. रोदारी शाळेत एका मुलाला फळ्याच्या पुढच्या बाजूला आणि दुसऱ्याला मागच्या बाजूला, न बघता, एकेक शब्द लिहायला लावत. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट असं होतं. कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाट घेऊन निघालेला कुत्रा... प्रत्येक जोडीतून एक गोष्ट डोकावते.

आम्ही हे पोळ्या लाटताना करतो. फळा लागत नाही, वही लागत नाही. परवा मी म्हटलं 'इस्त्री' आणि लेक म्हणाली 'कावळा'. एक पोळी तव्यावरून उतरेपर्यंत पिंपळावर कावळ्याचं इस्त्रीचं दुकान सुरू झालं होतं. आधी कावळा पांढराच होता. सगळ्या पक्ष्यांचे कपडे करता करता त्याचे स्वतःचे पंख जळले, म्हणून तो काळा. बगळ्याने आपले कपडे दुसरीकडे दिले, म्हणून तो तसाच राहिला. मी हसत होते. मग ती म्हणाली, "आणि दिवाळीत इतके कपडे आले की कावळीण पण रात्री उशिरापर्यंत इस्त्री करायची. पिल्लू जागं राहायचं. पण हाक नाही मारायचं."

"का नाही मारायचं?"

"ती दमलेली असते ना."

मी पोळी उलटली. समोर बसवून "तुला आईची आठवण येते का गं दिवसभर?" असं विचारलं असतं तर "नाही" म्हणून खेळायला पळाली असती. मुलं स्वतःबद्दलचं असं कावळ्याच्या तोंडून सांगतात. तेवढ्यासाठी तरी त्यांच्या गोष्टीत 'असं कसं होईल?' म्हणून शास्त्र घुसवू नये. मी एवढंच विचारलं, की पिल्लाने हाक मारली तर कावळिणीला राग येईल का. बराच विचार करून उत्तर आलं, "नाही येणार. पण ती इस्त्री बंद करायला विसरेल." मग गोष्ट पुढे आगीच्या बंबाकडे गेली.

ज्यांच्या मुलांना पक्षी-प्राणी बाळबोध वाटतात, त्यांनी 'असं झालं तर?' हा खेळ करून बघावा. रोदारी विचारायचे, अचानक मिलान शहराभोवती समुद्र आला तर? आपल्याला पुणं आहेच. स्वारगेटला बंदर, सिंहगडावर दीपगृह, आणि पीएमपीच्या बोटी वेळेवर येतील का यावर आमच्या शेजारचा पाचवीतला मुलगा जेवण विसरून बोलत होता.

पुस्तकांच्या निवडीचं थोडक्यात. आपल्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आवडला, म्हणून मुलाला आवडेलच असं नाही, आणि नाही आवडला तर वाईट वाटून घेऊ नये. चार पुस्तकं समोर असली तर एकाला हात जातो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, स्वस्त आहे, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अर्धवट टाकलेल्या पुस्तकाची चौकशी करू नये. आपणही टाकतोच की.

राहिलं लिहिणं. मुलाने आपणहून काही लिहिलं की आपली नजर आधी ऱ्हस्व-दीर्घावर जाते. जाणारच, मार्क तिथेच कापले जातात. रोदारींनी मात्र चुकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, १९६४ मध्येच. काही चुकांच्या पोटात गोष्ट असते, असं त्यांना वाटे. पिसाचा मनोरा कलला नसता तर तो बघायला कोण गेलं असतं? त्यामुळे शाळेची वही शाळेच्या नियमाने तपासावी, पण घरात आणखी एक वही असू द्यावी, जिच्यात लाल पेन फिरत नाही. तिच्यात काय लिहिलंय ते दाखवायचं की नाही हे मुलाने ठरवावं, आणि 'वाचायचं नाही' म्हटलं तर खरोखर वाचू नये.

लेकीने तिच्या वहीतलं एक पान मला आपणहून दाखवलं. रविवारी आम्ही फिरायला गेलो होतो, त्याबद्दल. सारसबागेऐवजी तिने 'सारसवाघ' लिहिलंय. मी ते खोडलं नाही. कसा दिसतो तो, एवढंच विचारलं. लांब चोच, अंगावर पट्टे, एका पायावर उभा. सध्या तो खातो काय यावर आमच्याकडे वाद चाललाय. मी म्हणते मासे. ती म्हणते भेळ, कारण चौपाटी जवळच आहे.