वाड्याचा खांब आणि दुकानाचा गाळा

सणसवाडीहून पुण्याला जाणे आता मोठे काम राहिले नाही. नगर रस्त्याला बस धरली की झाले. कोणी लग्नाचा बस्ता बांधायला जातो, कोणी भांडी आणायला. रविवार पेठ, बुधवार पेठ, लक्ष्मी रस्ता ही नावे तुम्हांला ठाऊक आहेत. पुढच्या खेपेला एक करा. माल घेऊन झाला की रस्त्यावर या आणि मान वर करून पाहा.

खाली काच, दिवे आणि रंगीत पाटी. पण काही ठिकाणी वर जुन्या लाकडी खिडक्या दिसतील. दोन दुकानांच्या मधे अरुंद बोळ असेल. बोळाच्या तोंडाशी जाड दरवाजा, त्यात वाकून जाण्याजोगी दिंडी. आत गेलात की एकदम उजेड. तो चौक. म्हणजे ज्या दुकानात तुम्ही लुगडे घेतले, ती वाड्याची पुढची बाजू होती, बरं का!

वाडा बांधायची रीत अशी. आधी घडीव दगडाचे जोते. जोत्यावर दगडी तळखडे, आणि एकेका तळखड्यावर एकेक सागाचा खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीची जमीन. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे. घर केवढे, हे लोक खणांवर सांगत. भिंती खाली दगडाच्या किंवा विटांच्या, वर पांढऱ्या मातीच्या. भिंत ऊन आणि चोर अडवते. वरचा बराचसा भार मात्र खांब पेलतो. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

1818 साली पेशवाई गेली. सरदार-कारकुनांचे उत्पन्न आटले. एवढा वाडा पोसायचा कशाने? मग भाडेकरू आले. रस्त्याकडच्या ओसरीत दुकाने आली. पहिली दुकाने एका खणात मावत. रात्री खांबाला खांब धरून फळ्या लावायच्या, सकाळी काढायच्या. खांबाला कोणी हात लावत नसे.

पुढे लोखंडी शटर आले. दुकानदाराला रुंद तोंड हवे झाले. मधला खांब त्याच्या डोळ्यांत सलू लागला.

मी शिकायला पुण्यात होतो तेव्हा अशाच एका वाड्यात माडीवर राहत होतो. नाव सांगत नाही. खालच्या दुकानदाराने एका सुट्टीत मधला खांब काढला आणि वर लोखंडाची पट्टी टाकली. पट्टी बारीक होती. पावसाळ्यात आमच्या खोलीचे दार लागेना. मला वाटले, लाकूड फुगले असेल. सुताराने दाराला रंधा मारला. महिन्याने पुन्हा तेच. मग एका म्हाताऱ्या गवंड्याने जमिनीवर गोटी ठेवली. गोटी आपोआप रस्त्याकडे घरंगळत गेली! त्या रात्री आम्ही आठ माणसे चौकात झोपलो. दुसऱ्या दिवशी खाली टेकू लागले.

दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे. 1947 च्या भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या भावाला बांधली. महागाई वाढली, भाडे तिथेच राहिले. मालक म्हणे, एवढ्यात कौले तरी कशी बदलू? भाडेकरू म्हणे, घर तुझे, मी का खर्च करू? दोघांचेही खरे, आणि पाणी गळतच राहिले. 1999 च्या नव्या कायद्याने, तो 2000 साली लागू झाला, मालकाला दर वर्षी शेकडा 4 वाढ मिळाली. पण मूळ आकडाच लहान. त्याच्यावर 4 टक्के म्हणजे किती, ते तुम्हीच गणित करून पाहा.

पाण्याचे भय 12 जुलै 1961 ला सगळ्या पुण्याने पाहिले. पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती विरघळल्या आणि कितीतरी वाडे बसले.

वाड्याचा उपयोग बदलला म्हणजे वाडा मेलाच, असे मात्र नाही. विश्रामबाग वाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला. तिथे 1821 साली संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे सरकारी आणि नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या, टपाल कचेरीही होती. 1879 साली आगीत काही भाग जळाला, तो पुन्हा उभारला. माणसे बदलली, काम बदलले, पण पुढचे कोरीव सागवानी खांब आजही रस्त्यावरून दिसतात.

आता आपल्याकडचे. रस्त्याला कारखाने आले, कामगार आले. ज्याचे जुने घर रस्त्याला आहे त्याला वाटते, ओसरी दुकानाला द्यावी. द्या की! महिन्याला चार पैसे येतील. पण गाळा खणाच्या मापाने काढा. शटर दोन खांबांच्या आत बसवा. खांबाच्या बुडाला वाळवी आहे का, ते टोकदार खिळा टोचून पाहा. खिळा सहज आत गेला तर आधी खांबाची सोय, मग दुकान. भाडेकरू म्हणेल, "दादा, मधला एक खांब काढा, भाडे वाढवून देतो." तर त्याला थांबायला सांगा आणि आधी जाणत्या इंजिनिअरला घर दाखवा. आणि कागदावर सही करण्यापूर्वी, दुरुस्ती कोणी करायची ते त्यात लिहिले आहे का, हे स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते.