संगणक का दमतो?

आमचे गाव कल्याणच्या पलीकडे आहे. घरी एक जुना संगणक आहे. तो आम्ही डोंबिवलीहून आणला.

मुलीचा अकरावीचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस. संगणक काही हलेना. आतला पंखा घूं घूं करू लागला. पेटी तापली. फोन केला, तर दुकानदार म्हणाला, "आता नवाच घ्या." आम्ही घाबरलो. एवढे पैसे आणायचे कुठून?

संगणकात प्रोसेसर असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. तो गाडीच्या बैलासारखा आहे. ओझे फार झाले, की बैल अडतो. मग बैल विकायचा, की ओझे उतरवायचे?

ओझे असे पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. विंडोजच्या संगणकावर कामांची यादी उघडते. 'सीपीयू' या अक्षरांवर टिचकी मारा. जास्त राबवणारे काम वर येते.

आमच्या यादीत ब्राउझर वर होता. त्यात वीस पाने उघडी होती! ती बंद केली. आकडा 100 वरून खाली आला. अर्ज वेळेत गेला.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अनोळखी नावाचे काम उगाच बंद करू नका, ते संगणकाच्या गरजेचे असेल. विषाणूची तपासणी करा. पंख्यात धूळ साचू देऊ नका. प्रोसेसर तापला, की आपोआप मंद चालतो. धूळ काढताना आधी वीज तोडा.

आधी ओझे पाहा, मग पैसे मोजा.