घटक ४ : घरगुती डीव्हीडी चित्रण – जतन आणि संपादनक्षम रूपांतर

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• कॅमकॉर्डरच्या डीव्हीडीवर चित्रण कोणत्या रूपात साठवलेले असते, हे सांगता येईल.
• जतनप्रत आणि कामाची प्रत यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• तबकडीवरील चित्रणाचे संपादनक्षम फाइलीत रूपांतर क्रमाने करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला साधनसामग्रीसाठी नेहमीच दूरच्या गावी जावे लागते असे नाही. ती पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या घरातील कपाटात असते. २००० नंतरच्या दशकात ८ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे कॅमकॉर्डर अनेक कुटुंबांनी घेतले. लग्नातील हळद दळताना आजीने म्हटलेल्या ओव्या, बारशातील पाळणे, मंगळागौरीचे खेळ असे कितीतरी त्यांत टिपले गेले. गाणारी व्यक्ती आज हयात नसेल, तर तिचा आवाज, तिची बोली आणि तिची चाल यांचा तेवढाच पुरावा उरतो. तबकडीवरील रंगद्रव्याचा थर मात्र ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी खराब होतो. शिवाय नव्या संगणकांत डीव्हीडी वाचण्याची सोयही सहसा नसते. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मूळ प्रत आणि नक्कल

पाठचिकित्सेचा अभ्यास करताना आपण पाहिले आहे की, नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे पाठभेद वाढत जातात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. चित्रणाच्या बाबतीत अशी शुद्धी शक्य नसते. संगणकावर चित्रण पुन्हा आकुंचित करताना जो तपशील गळतो, तो त्या प्रतीतून परत मिळत नाही. यावरून या घटकाचे मुख्य सूत्र निघते : प्रथम तबकडीची जशीच्या तशी जतनप्रत घ्यावी आणि सर्व संपादन तिच्यावरून केलेल्या कामाच्या प्रतीवर करावे.

४.२.२ तबकडीचे अंतरंग

एका बाजूच्या, एकाच थराच्या छोट्या तबकडीत सुमारे १.४ जीबी माहिती मावते. उत्तम दर्जाचे चित्रण तीवर साधारण २० मिनिटे, तर कमी दर्जाचे सुमारे एक तास बसते. तबकडी संगणकात उघडल्यास ‘व्हिडिओ टीएस’ या नावाचे फोल्डर दिसते. त्यातील ‘व्हीओबी’ फाइलींत चित्र आणि ध्वनी असतात. अशी एक फाइल १ जीबीपेक्षा मोठी नसते. त्यामुळे सलग चित्रणही दोन फाइलींत विभागले जाऊ शकते. ओवीच्या मध्येच फाइल संपली, तर उरलेला भाग पुढील फाइलीत शोधावा.

आपल्याकडील कॅमकॉर्डरचे चित्र ‘पाल’ पद्धतीचे, म्हणजे ७२० × ५७६ बिंदूंचे असून सेकंदाला २५ चौकटी असतात. ते ‘एमपेग-२’ पद्धतीने आकुंचित केलेले असते. या पद्धतीत साधारण १२ ते १५ चौकटींच्या गटात एकच चौकट पूर्ण नोंदलेली असते; बाकीच्यांत प्रामुख्याने बदलांची नोंद असते. हिशेबाच्या वहीत एका ओळीखाली ‘वरीलप्रमाणे’ असे लिहीत जावे, तसाच हा प्रकार आहे. वरची ओळ कापली, तर खालच्या ओळींना अर्थ उरत नाही. म्हणून व्हीओबी फाइल पाहण्यास सोपी, पण हवी तेथे कापण्यास अवघड ठरते.

४.२.३ रूपांतराच्या पायऱ्या

(१) तबकडीचे समापन : चित्रणानंतर कॅमेऱ्यात तबकडी ‘फायनलाइझ’ केलेली नसेल, तर संगणक ती कोरी समजू शकतो. अशा वेळी ‘फॉरमॅट करावे काय?’ या प्रश्नाला होकार देऊ नये. तोच कॅमेरा, किंवा शक्य असल्यास त्याच कंपनीचा तशाच प्रकारचा दुसरा कॅमेरा मिळवून समापन करावे. कॅमेऱ्यातील ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ हा पर्याय निवडू नये. त्याने चित्रण पुसले जाते.

(२) जतनप्रत : तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून पुसू नये. बाहेर सरकणारा ट्रे असलेला ड्राइव्ह वापरावा. फटीतून तबकडी आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी तबकडी अडकू शकते. त्यानंतर संपूर्ण तबकडीची ‘आयएसओ’ प्रतिमा तयार करावी. ओरखडे असल्यास ‘डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य आज्ञावली उपयोगी पडते. ती आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेते आणि मग बिघडलेल्या भागाकडे पुन्हा वळते.

(३) प्रवाह वेगळे करणे : ‘मेकएमकेव्ही’सारखी आज्ञावली आयएसओ प्रतिमेतील चित्र व ध्वनी पुन्हा आकुंचित न करता एका ‘एमकेव्ही’ फाइलीत ठेवते. येथे केवळ वेष्टन बदलते, आशय बदलत नाही. घरगुती तबकडीवर चित्रपटांच्या डीव्हीडीसारखे सांकेतिक कुलूप नसल्याने या कामात तशी अडचण येत नाही.

(४) संपादनक्षम फाइल : ‘एफएफएमपेग’ या विनामूल्य आज्ञावलीने त्या फाइलीचे ‘प्रोरेस’सारख्या मध्यस्थ स्वरूपात रूपांतर करता येते. त्यात प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. म्हणून ओवीच्या नेमक्या आरंभी काप देता येतो. फाइल मात्र मोठी होते. ‘प्रोरेस ४२२’ स्वरूपातील अर्ध्या तासाच्या चित्रणाला सुमारे ९ जीबी जागा लागते. केवळ नातेवाइकांना पाहण्यासाठी प्रत हवी असेल, तर ‘हँडब्रेक’मधून ‘एमपी४’ फाइल करावी. ती लहान असते, पण तिला जतनप्रत मानू नये.

(५) दोन दोषांचे निवारण : या चित्रणातील प्रत्येक चौकट सम आणि विषम रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांची असते व ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली असतात. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर जात्याच्या खुंट्यावरील फिरत्या हाताच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. पाहण्याची प्रत करताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडावा. तसेच मूळ चित्र ४:३ आहे की १६:९, हे तपासावे. अन्यथा चेहरे ताणलेले किंवा दबलेले दिसतात.

४.२.४ अभ्यासकाची जबाबदारी

लिप्यंतरासाठी ध्वनी वेगळ्या ‘वेव्ह’ फाइलीत काढावा व शब्द बोलीतील उच्चारांप्रमाणेच लिहावेत. फाइलीच्या नावात दिनांक, गाव आणि प्रसंग असावा. एकूण तीन प्रती ठेवाव्यात. त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. घरगुती चित्रण खाजगी असते. गाणाऱ्या व्यक्तीच्या किंवा तिच्या कुटुंबीयांच्या संमतीशिवाय ते प्रसिद्ध करू नये. रूपांतर झाले तरी मूळ तबकडी टाकून देऊ नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न : एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. संगणक चित्रण केलेली तबकडी कोरी का समजू शकतो?
२. व्हीओबी फाइल हवी तेथे कापणे अवघड का असते?
३. ‘एमपी४’ प्रत जतनप्रत का मानू नये?

४.३ सारांश

घरगुती डीव्हीडी हे मौखिक परंपरेचे नाशिवंत साधन आहे. समापन, आयएसओ प्रतिमा, प्रवाह वेगळे करणे, संपादनक्षम फाइल आणि पाहण्याची प्रत हा क्रम पाळल्यास मूळ आशयाला धक्का न लावता त्यावर काम करता येते.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. तबकडीचे समापन झालेले नसते म्हणून.
२. बहुतेक चौकटींत पूर्ण चित्र नसून आधीच्या-नंतरच्या चौकटींच्या आधारे बदलांची नोंद असते म्हणून.
३. ती करताना चित्रण पुन्हा आकुंचित होऊन काही तपशील गळतो म्हणून.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. हस्तलिखिताची नक्कल आणि चित्रणाची प्रत यांतील साम्य-भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. क्षेत्रीय कार्य : आपल्या किंवा परिचितांच्या घरातील एका जुन्या तबकडीची, संमती घेऊन, जतनप्रत तयार करा. तिच्यातील कोणत्याही पाच मिनिटांच्या संभाषणाचे किंवा गीताचे लिप्यंतर करून त्यातील बोलीविशेष नोंदवा.