बंदिवान भगिनी आणि वाकळेचे तुकडे

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय 25:31–46, इब्री 13:3.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत वाकळ नाहीं असें घर विरळा. जुनें लुगडें, फाटलें धोतर, पोराचें आंगडें, सर्वांचे थर लावून बाया दोरा भरितात, आणि टाकाऊ म्हणून जें बाजूस पडलें होतें त्याखालीं घर निजतें. ह्या आठवड्याचा पाठ आम्हीं ह्या वाकळेवरूनच घेत आहों.

सन 1813 त एलिझाबेथ फ्राय नांवाच्या बाई लंडन शहरांतील न्यूगेट तुरुंगांत गेल्या. तेथें स्त्रिया व त्यांचीं लेंकरें दाटीवाटीनें कोंडलेलीं होतीं. करावयास काम नाहीं, अंगावर पुरतें वस्त्र नाहीं. बाईंनीं प्रथम वस्त्रें दिलीं. पण नुसत्या दानानें भागत नाहीं हें ओळखून 1817 सालीं त्यांनीं आणखी कांहीं स्त्रियांस जोडीस घेतलें, मुलांकरितां शाळा व आयांकरितां शिवण-विणकाम सुरू केलें. नियम ठरवितांना एकेक नियम बंदिवान स्त्रियांस वाचून दाखविला व त्यांची संमति घेतली. हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. उपकार करावयास निघालेला मनुष्य बहुधा विचारावयाचेंच विसरतो.

पुढें ज्या स्त्रियांस जहाजांत घालून ऑस्ट्रेलियाकडे धाडीत, त्यांस ह्या मंडळीच्या भगिनी सुया, दोरा व कापडाचे तुकडे देत. सन 1841 त अशा एका जहाजावर (त्याचें नांव, नवल असें कीं, ‘राजा’ होतें) स्त्रियांनीं तीन महिन्यांच्या प्रवासांत एक मोठी वाकळ शिवली, आणि आभाराचे शब्द तिच्यावर भरून ती देणाऱ्या भगिनींस अर्पण केली. ती आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनांत जपून ठेविलेली आहे. शिवणाऱ्या हातांवर गुन्ह्याचा डाग होता; टांका मात्र सरळ पडला.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. पुण्याजवळ येरवडा येथें स्त्रियांचें निराळें कारागृह आहे. सक्तमजुरीची शिक्षा झालेलीस काम करणें भाग असतें. जिचा खटला अजून चालू आहे तिच्यावर तशी सक्ति नाहीं. कामाची रास्त मजुरी कैद्यास मिळावी, व तींतला कांहीं भाग ज्यांचें नुकसान झालें त्यांच्या भरपाईस जावा, असें सर्वोच्च न्यायालयानें 1998 त सांगितलें. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनें 2022 सालीं येरवड्यास कैद्यांकरितां 50,000 रुपयांपर्यंत कर्जाची योजना काढली. फेड व्हावयाची ती तुरुंगांतल्या कमाईंतून. आंत असलेल्या आईच्या हातचा पैसा घरच्या लेंकराच्या शाळेस लागावा, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु खरें दुखणें निराळें आहे. आपल्या देशांत 2022 अखेर चार कैद्यांपैकीं सुमारें तीन न्यायाधीन होते. पुष्कळांस जामीन मंजूर होऊनहि रक्कम भरवत नाहीं. अशा गरिबांच्या जामिनासाठीं व दंडासाठीं साह्य देण्याची सरकारी योजना 2023 पासून आहे. ती उपदेशकांनीं जाणून घ्यावी व अशा कुटुंबास सांगावी. दुसरें दुखणें मुलांचें. आईजवळ मूल सहा वर्षांचें होईपर्यंतच राहूं शकतें, असें 2006 च्या निकालानें ठरलें आहे. पुढें तें कोणाच्या ओसरीवर येतें? बहुधा ज्या गांवीं त्याच्या आईचें नांवहि कोणी काढीत नाहीं, त्याच गांवीं.

वर्गणीविषयीं दोन शब्द. नाताळांत मिठाई वांटणें वाईट नाहीं, पण ती दुसऱ्या दिवशीं संपते. भाकरीचें दळण काढतांना भगिनींनीं दररोज एक मूठ जोंधळे वेगळे ठेवावे, व कापणीच्या सणास तें धान्य विकावें. हिशेब दोघांच्या सहीनें राहावा व मंडळीपुढें वाचला जावा. कारागृहांत कांहींहि पाठवावयाचें तर आधीं अधीक्षकांस पत्र लिहून, काय चालेल व काय हवें तें विचारावें; कैद्याच्या हातीं परभारें पैसा देऊं नये. आंतून तयार झालेली वस्तु विकत मिळत असेल, तर दया म्हणून नव्हे, उपयोगाची म्हणून पुरत्या किंमतीस घ्यावी. आणि जमलेल्या रकमेंतून प्रथम मुलांना आईच्या भेटीस नेण्याचें गाडीभाडें काढून ठेवावें. उरेल तें कापड व दोऱ्यास.