न निघालेली चिठ्ठी

ज्या मनुष्याने जिल्हा कोषागारात बत्तीस वर्षे चलनांची रुजवात करण्यात घालविली आणि बँकेच्या शिक्क्यावाचून आलेला भरणा भरणा म्हणून कधी मानला नाही, त्याने निवृत्तीनंतर एका भांड्यांच्या दुकानात कागदाची चौकशीही न करता मालकाशी हमरीतुमरीवर यावे, हा दैवाचा नव्हे, माझ्याच बुद्धीचा दोष होय.

भाचीच्या लग्नानिमित्त पुण्यात तांब्यापितळेची भांडी घेतली. बिल ८,६४० रुपयांचे झाले. गल्ल्यावरील मुलाने कार्ड यंत्रात घातले, मी पिन दाबला, यंत्र बराच वेळ विचार करीत बसले आणि शेवटी चिठ्ठी न काढताच मूळ पदावर आले. "काका, झालं नाही, परत एकदा घालू या," असे तो म्हणाला, आणि मी मोबाइलकडे दृष्टिक्षेपही न करता मान डोलावली. दुसऱ्या खेपेस चिठ्ठी निघाली. रिक्षात बसल्यावर पाहतो तो संदेश दोन आणि वजावटही दोन!

तडक माघारी गेलो. मालकाने रात्री यंत्रातून सेटलमेंटची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. तीत माझी रक्कम एकदाच होती. ज्या पुराव्यावर मी उभ्या हयातीत विश्वास ठेवला, तोच समोर असताना मी त्या गृहस्थास लबाड म्हटले, आणि पुढे चौदा दिवस त्याच्याकडे तगादा लावण्यात दवडले.

दुकानात आपण आणि दुकानदार असे दोनच पक्ष दिसतात. परंतु पडद्याआड कार्ड देणारी आपली बँक, यंत्र पुरविणारी दुकानदाराची बँक आणि या दोहोंमध्ये निरोप वाहणारे रुपे वा व्हिसासारखे जाळे असे आणखी तिघे असतात. आपली बँक खात्यातून रक्कम वजा करून मंजुरीचा निरोप धाडते. तो वाटेतच हरवला तर यंत्र व्यवहार फसला असे समजते, आणि रक्कम मात्र आपल्या खात्यातून उठलेली परंतु दुकानदाराच्या खात्यात न पोहोचलेली अशी त्रिशंकू होऊन राहते. जी त्याला मिळालीच नाही ती तो परत कोठून करणार?

अशा प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले असून ते त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून अमलात आले. खात्यातून रक्कम गेली आणि दुकानात चिठ्ठी निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापुढील पाच दिवसांत ती आपोआप परत जमा व्हावी, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई, खातेदाराने फिर्याद न करताही, मिळावी, असा त्याचा दंडक आहे. मात्र रक्कम दुकानदाराच्या हिशेबात एकदाऐवजी दोनदा जमा झाली असेल, तर जबाबदार तोच. मग त्याने ती त्याच कार्डावर परत करावयाची. तेव्हा दोष कोणाचा हे विचारण्याआधी रक्कम या घटकेस कोणाकडे आहे, हे विचारावे.

दुसऱ्यांदा कार्ड देण्यापूर्वी मोबाइलवरील संदेश किंवा शिल्लक पाहावी. वजावट झालेली दिसल्यास थांबावे, किंवा फारच निकड असल्यास रोख द्यावी. फसलेल्या व्यवहाराचीही चिठ्ठी निघाली असेल तर ती मागून घ्यावी. तिच्यावरील बारा अंकी संदर्भ क्रमांकाने बँकेस व्यवहार हुडकता येतो. या चिठ्ठीवरील अक्षरे मात्र काही महिन्यांतच पुसट होऊ शकतात, म्हणून तिचे छायाचित्र काढून ठेवावे. तक्रार आपल्या बँकेकडे लेखी द्यावी व तिचा क्रमांक घ्यावा; तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. (रक्कम परत करतो म्हणून दूरध्वनीवर पिन विचारणारा इसम हटकून भामटा समजावा.)

माझी रक्कम व्यवहारानंतर तेविसाव्या दिवशी, आणि तीही मी अर्ज दिल्यावर जमा झाली. अठरा दिवसांच्या भरपाईचे १,८०० रुपये मिळण्यास परिपत्रकाचा हवाला देणारे दुसरे पत्र लिहावे लागले. त्यानंतर दुकानात जाऊन मी मालकांची क्षमा मागितली. त्या तेवीस दिवसांत त्यांच्याकडे माझा एक पैसाही अडकलेला नव्हता.