चाकांवरचा संसार

काश्मीरमध्ये दल सरोवरावर लाकडी नौकांतून कुटुंबे राहतात. चूल, अंथरूण, पेटी, सारे काही पाण्यावर! केरळातही भात वाहून नेणारे नावाडी पूर्वी दिवसचे दिवस नौकेतच रांधीत आणि तेथेच झोपत. धाराशिव जिल्ह्यातील मुलांना अशा संसाराची कल्पना करणे अवघड जाईल. बालाघाटाच्या या मुलखात तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या आहेत खऱ्या. पण पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या या नद्यांच्या पात्रात उन्हाळ्यात बहुधा वाळूच दिसते. तेथे नाव कोण चालविणार? परंतु फिरता संसार याही जिल्ह्यात आहे. तो पाण्यावर नसून चाकांवर आहे, एवढेच.

दसरा-दिवाळी झाली, की भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील कित्येक घरांत आवराआवर सुरू होते. खरिपाचे पीक निघालेले असते. जमीन कोरडवाहू, विहिरीला पाणी बेताचे. पुढचे पाच-सहा महिने हातांना काम कोठून मिळणार? पश्चिमेकडे कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि तो तोडण्यास माणसे हवी असतात. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि मग त्याच्यामागून राज्यात असे अनेक कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांना ही वाट धरावयास लावली. ती अजून मोडलेली नाही.

अशाच एका जोडप्याबरोबर आपण निघू. उसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटाच माणूस आला, तर तो ‘अर्धा कोयता’. माणसे हत्याराच्या नावाने मोजावीत हे कानाला गोड लागत नाही, पण शब्द तसाच रुळला आहे. या जोडप्याने मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. तिला उचल म्हणतात. ती घराच्या दुरुस्तीला, दुखण्याला किंवा लग्नाला केव्हाच खर्च होऊन जाते. आता ती घामाने फेडावयाची!

पूर्वी सगळा प्रवास बैलगाडीनेच होई. हल्ली बहुतेक टोळ्या ट्रक वा ट्रॅक्टरमधून जातात. पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, तवा, घागर, दोन-चार कोंबड्या आणि सर्वांच्या वर बसलेली मुले! परंड्याकडून कुर्डुवाडी, टेंभुर्णी अशी गावे मागे पडतात. पुढे भीमेचा पूल लागतो आणि उजनी धरणाची भिंत दिसते. त्या पाण्याकडे सारेच मान वळवून पाहतात. अर्धे पाणी आपल्या शिवारात असते, तर आपण येथे आलो असतो का, हा विचार कोणाच्या मनात येत नसेल?

मुक्कामावर बांबू व चटया मिळतात. त्यांची कोपी तासाभरात उभी राहते. वाकूनच आत शिरावे लागते. दार नसते, म्हणून कुलूपही नसते. एका गावचा ऊस संपला, की कोपी मोडायची आणि पुढच्या गावी पुन्हा बांधायची.

पहाटे चारला बाई उठते. थंडी कडाक्याची असते. अंधारातच ती चूल पेटविते, भाकऱ्या थापते, त्या फडक्यात बांधते आणि उजाडण्यापूर्वी दोघे फडात पोहोचतात. नवरा वाकून बुंध्यापाशी कोयता घालतो. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर अधिक असते. शेंड्याचे हिरवे वाढे आणि वाळके पाचट वेगळे होते. वाढ्यांनीच बाई उसाची मोळी बांधते. फळीवरून तोल सांभाळीत ती डोक्यावरची मोळी गाडीत चढविते. तीस-चाळीस किलोंचे ओझे, खाली अरुंद फळी. नावेच्या काठावरून चालणाऱ्या नावाड्यापेक्षा हे कसब कमी नाही. उरलेली वाढी गुरांना घालतात किंवा विकतात. त्या विक्रीचे चार पैसे बहुधा बाईच्या हाती राहतात.

तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. जसजसा वेळ जाईल, तसतशी त्यातील साखर घटते. म्हणून रात्र असो वा दिवस, गाडी कारखान्यावर न्यावीच लागते. तेथे वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग असते. नंबर लागेपर्यंत नवरा बैलांपाशीच डुलक्या घेतो. इकडे कोपीत बाई एकटी जागी असते.

दोघांनी दिवसभर राबून दीड-दोन टन ऊस तोडला, तर काम बरे झाले म्हणावयाचे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचे ठरले. परंतु ताप आला, तरी विसावा परवडत नाही; एक दिवसाचा खाडा पडला, की तोही हिशेबात धरला जातो.

या जोडप्याची मुलगी तुमच्याच वयाची आहे. यंदा तिला बरोबर आणावयाचे की गावी आजीजवळ ठेवावयाचे, यावर दिवाळीत दोन रात्री बोलणे चालले. बरोबर आली, तर धाकट्याला सांभाळील, पाणी भरील; पण शाळा बुडेल. काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या आणि काही गावी अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहेही निघाली. तरी प्रत्येकाला ती लाभतातच असे नाही. शेवटी आई म्हणाली, “माझ्या हातात कोयता आला तो आला. तिच्या हातात नको.” बाप काही बोलला नाही. सकाळी त्याने मुलीचे दप्तर पेटीतून काढून खुंटीला अडकविले.

मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा फड संपतो. त्याला ‘पट्टा पडला’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत हिशेब होतो. उचल फिटली, तर हातात काही उरते. न फिटली, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. मग कोप्या मोडतात, पेट्या पुन्हा भरतात. परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला गाडी थांबली, तेव्हा आईने वाढी विकून आलेल्या पैशांतून लेकीसाठी कंपासपेटी घेतली. वार्षिक परीक्षेला अजून आठ दिवस होते.