रतामाच्या झुडपाखाली
शास्त्रपाठ : १ राजे १९:१-२१

कर्मेलावर एकटा उभा राहिलेला एलीया पुढल्याच अध्यायात ईजबेलीच्या धमकीने पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. हा पाठ शिकविताना दाखल्यासाठी आपले शिक्षक बहुधा युद्धावरचे जुने परदेशी चित्रपट सांगतात : शत्रूच्या तावडीतून सुटका, वाटेत जुळलेली प्रीती, पुन्हा आलेले धैर्य. (एके काळी आपल्या मंडळ्यांत सिनेमाचे नाव काढले तरी वडीलधाऱ्यांच्या भुवया चढत, ते असो.) बेळगाव-निपाणीच्या मुलांना इतके दूर न्यावयास नको. कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. जपान्यांची कैद, तेथून सुटका, प्रेम, प्लेगशी झुंज, सारे त्यात आहे.

खरी हकीकत अशी. जपानने चीनवर स्वारी केली असता १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर तिकडे पाठविले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. पुढे तिघे सोबती मायदेशी आले. हे राहिले, आणि डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ साली ग्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह झाला, १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते फिटच्या आजाराने वारले.

शिक्षकांनी येथे जरा थांबावे. चित्रपट पाहून मुलांच्या मनात प्लेग राहतो, फिट राहत नाही. आपल्याकडे तर हा आजार घरातच दडवतात. मुलीचे लग्न मोडेल म्हणून औषधसुद्धा चोरून आणतात. आणि आपणच काही जण मार्क ९ मधील मुलाकडे बोट दाखवून डॉक्टरकडे जाणे लांबणीवर टाकतो. हे आपल्या हातून झाले आहे, ते कबूल केले पाहिजे. वर्गात असे एखादे मूल बसले असेल, तर कोटणीसांचा आजार त्याच्यादेखत मोकळेपणी सांगावा. (कोटणीस ख्रिस्ती नव्हते, ओढूनताणून त्यांना तसे करू नये.)

प्रीतीची गोष्टही गाळू नये. खचलेल्या एलीयाला देव रागे भरत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यांवरची भाकर, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. त्यानंतर आल्या वाटेने परत धाडतो, आणि धाडताना जोडीदाराचे नाव सांगतो. एकटेपणाचे गाऱ्हाणे त्याने दोनदा केले होते ना!

एखादे मूल विचारील, मग एलीयाची भीती साफ गेली का? शास्त्रात तसे लिहिलेले नाही. तो तेथून निघाला, आणि बैलांच्या बारा जोड्यांमागे नांगर धरलेला अलीशा त्याला शेतात भेटला, एवढेच आहे.